रत्नपालच्या शटरापुढचं कीर्तन

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट मास्कच्या दिवसांतली आहे, पण आता तोंडं मोकळी आहेत, तेव्हा हसायला हरकत नाही. घडली ती सेनगावकडच्या एका तांड्यावर.

टाळेबंदीत सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात मदतीचे दोन हजार टाकले होते. नीलाबाईने नवऱ्याला बजावून धाडलं, "पैसे उचला अन् तडक घरी या. दुकानदारानं बियाण्याची बॅग सांजच्यापर्यंतच ठेवली हाय. कुठं भजनात बसू नका."

"भजन बंदच हाय की सगळीकडं," रामसिंग म्हणाला आणि त्याचा चेहरा उतरला. कीर्तनावाचून त्याच्या घशाला गंज चढला होता.

रत्नपालची मिनी बँक म्हणजे एक खोली, एक शटर आणि पैसे काढायचं अंगठ्याचं मशीन. बाहेर अंतरासाठी चुन्याचे गोल. त्या उन्हात गोलात उभं कोण राहणार? प्रत्येकाने आपल्या जागी चपला ठेवल्या आणि सारे लिंबाखाली जाऊन बसले. रामसिंगच्या चपला सर्वांत शेवटी.

तेवढ्यात देवळाची दिवाबत्ती करणारी म्हातारी नानीबाई तिथून निघाली. चपलांची रांग आणि सावलीत बसलेली माणसं पाहताच तिनेही चपला काढून हात जोडले.

"बुवा आले का रे, रामसिंग?"

"बुवा न्हाई. आत रत्नपाल हाय."

"रत्नपाल कधीपासून कीर्तन करून राहिला?"

"पैसे देऊन राहिला त्यो, नानीबाई."

"देऊ दे. बुवा येईस्तोवर तूच लाव एखादा अभंग. लोकं काय चपला बघत बसतील?"

रामसिंगने एकदा शटराकडे पाहिलं. "एकच हं," तो म्हणाला.

एकाचे तीन झाले. मंडळी मास्कातून साथ देऊ लागली. रत्नपाल आतून नाव पुकारी, माणूस ताल धरूनच उठे, पैसे घेई आणि पुन्हा येऊन बसे. इतकी शहाणी रांग रत्नपालने कधी पाहिली नव्हती. नानीबाईने तर देवळातून आरतीचं ताटच आणलं.

रामसिंगचं नाव तीनदा पुकारून झालं. दोनला शटर पाडलं नाही तर पोलिसांची जीप यायची. शेवटी रत्नपाल मशीन घेऊन बाहेर आला.

"काका, अंगठा."

काकांचे डोळे मिटलेले. अंगठा टाळीबरोबर उडत होता. मशीनने दोनदा नाकारला. तिसऱ्यांदा रत्नपालने चरण संपायची वाट पाहिली आणि अंगठा दाबूनच धरला. नोटा हातात ठेवून तो म्हणाला, "मोजून घ्या." रामसिंगने भक्तिभावाने मान डोलावली.

अन् नेमकं तेव्हाच समोर ताट आलं. हातात नोटा, पुढे आरती. रामसिंगने जन्मभर केलं तेच केलं.

नीलाबाई येऊन उभी राहिली तेव्हा शटर पडलं होतं.

"पैसे?"

"कसले पैसे?"

"हातात दिलेत, काकू," रत्नपाल कुलूप लावत म्हणाला. साऱ्यांचे डोळे ताटाकडे वळले. पाचशेच्या चार नोटा निरांजनापाशी पडल्या होत्या.

"देवाला दिलेलं परत घेऊ न्हाई," रामसिंग पुटपुटला.

नीलाबाई मटकन खाली बसली. "मंग वावरात पेरू काय? टाळ्या?"

नानीबाईनेच नोटा उचलल्या.

"परत कोण देऊन राहिलं? कीर्तन झालं, तर बुवाला बिदागी द्या लागते. अन् आजचा बुवा तू."

रामसिंगला आयुष्यात कुणी बिदागी दिली नव्हती. भरल्या डोळ्यांनी त्याने हात पुढे केला. नीलाबाईचा हात त्याच्याआधी पोचला.

त्या सांजेला बॅग घरी आली. "आपली पहिली बिदागी दोन हजाराची," असं रामसिंग अजून सांगतो आणि नीलाबाई त्याला सांगू देते. नानीबाई मात्र आता राहिली नाही. तेव्हा पुढच्या कीर्तनात हशा पिकला, की मनातल्या मनात तिची एकदा आठवण काढा.