गठ्ठ्याचा निकाल

आठ वर्षं तात्पुरता शिपाई म्हणून राबलेल्या शिवप्पाला कॉलेजातली दोनच कामं मनापासून आवडत. एक घंटा देण्याचं आणि दुसरं दर शनिवारी रद्दीचे गठ्ठे वीरप्पाच्या फुटाण्याच्या दुकानात नेऊन टाकण्याचं. प्राचार्य रद्दीच्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणत, "शिवप्पा, याचा निकाल लाव," आणि शिवप्पा लावी. कायम होण्यासाठी त्याचा अर्ज संस्थेकडे गेला होता, म्हणून हल्ली तो न सांगितलेलं कामही करायचा. घात तिथेच झाला.

दुष्काळाच्या त्या साली एका शनिवारी प्राचार्यांच्या टेबलावर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. वर चिठ्ठी होती, 'आजच निकाल लावावा.' चिठ्ठी अर्थशास्त्राच्या लिंबाजी सरांसाठी होती, पण सर घागर घेऊन टँकरच्या रांगेत अडकले होते. शिवप्पाने चिठ्ठी वाचली, गठ्ठा डोक्यावर घेतला आणि निकाल लावून आला.

सोमवारी प्राचार्य ओरडले, "गठ्ठा कुठंय?"

"लावला की निकाल, साहेब."

"कुठं लावलास?"

"वीरप्पाकडं."

प्राचार्य मटकन खुर्चीत बसले. "अरे, त्याच दोरीत तुझा हुकूम खोचला होता! तुला कायम करायचं का नाही, ते संस्थेनं कळवलं होतं. मी अजून वाचलाही नव्हता रे!"

शिवप्पा तसाच पळत सुटला. वीरप्पा दुकानात पुड्यांच्या कागदांना निवांत खळ लावत बसला होता.

"आता कुठला गठ्ठा? पुड्या झाल्या त्याच्या. खडी फोडायच्या कामावर फुटाणे गेले न्हवं, त्यातनंच गेले."

शिवप्पा भर उन्हात दुष्काळी कामावर गेला आणि एकेकाच्या हातातली पुडी बघत फिरू लागला. खडी फोडणारी हरणाबाई पुडी सोडायला तयार होईना.

"आधी वाचून दाव, काय लिवलंय."

शिवप्पाने वाचलं, "दुष्काळाची कारणे सांगा."

"मग सांग की!" हातोडा खाली ठेवून ती म्हणाली. आजूबाजूची माणसंही थांबली. शिवप्पाने पान उलटलं. पोरानं पुढं काहीच लिहिलं नव्हतं.

दिवसभर हिंडूनही हुकूम सापडला नाही. रडकुंडीला येऊन तो घरी आला. त्याची बायको इरम्माही त्याच कामावर जात असे. ती त्याच्या आधी येऊन चूल पेटवत होती.

"तुझी फुटाण्याची पुडी कुठंय?"

"कागद शेळीला टाकला. दुसरा चारा हाय का घरात?"

शिवप्पाने शेळीवर झडप घातली आणि अर्धा कागद ओढून काढला. त्यावर संस्थेचा शिक्का होता! त्याने वाचलं, 'शिपाई शिवप्पा यांना कायम करण्यास संस्थेची मंजुरी'. पुढचं शेळीच्या पोटात होतं.

"मंजुरी हाय का न्हाय?" इरम्माने विचारलं.

शिवप्पाने शेळीकडे पाहिलं. ती शांतपणे रवंथ करत होती. तो तिथेच तिच्यापुढे बसून ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तो तुकडा उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला. मग त्यांनाही दया आली.

"रडू नको. नवा अर्ज लिही. पुढच्या बैठकीत मी स्वतः तुझ्या अर्जाचा निकाल लावतो."

शिवप्पाने त्यांचे पाय घट्ट धरले.

"साहेब, आणखी आठ वर्सं तात्पुरता ऱ्हातो. पर निकाल तेवढा लावू नका!"