दळायची नाही, तोलायची

दर सोमवारी सकाळी आमच्या अक्का पाठीवर ज्वारी घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत जायच्या, ज्वारी काट्यावर ठेवायच्या, आकडा बघायच्या आणि न दळताच परत घेऊन यायच्या.

गिरणीवाला नागेश सुरुवातीला आदबीनं विचारायचा, "मोठ्या आजी, दळू का?"

"नगं. नुसतं तोल."

पुढं पुढं त्यानं विचारणंच सोडलं. मोठ्या आजी दिसल्या की तो पट्टा बंद करून काट्यावरचं पीठ पुसायचा. त्या निघाल्या की माझ्याकडं बघून कपाळाशी बोट फिरवायचा. मीही मान डोलवायची. घरच्या माणसाला जास्तच माहीत असतं ना!

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर माढ्याकडचं, शेतातलं. अंगानं काटक, बोलणं मोजकं. अडचणीचा प्रश्न विचारला की एकच उत्तर, "असू दे की." थोरले दीर गेले, त्यानंतरच्या एका सोमवारी त्यांनी नातवाची कॉलेजची जुनी सॅक काढली, तीत ज्वारी ओतली आणि सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारायला निघाल्या. दुःख एकेकाचं एकेका वाटेनं बाहेर पडतं, असं आम्ही समजून घेतलं. पण मग चपला जाऊन बूट आले, गच्चीवर तंबू आला, तेव्हा मी विचारलंच.

"डोंगरावर जायचंय. हिमाचलात. तितं वर एक तळं हाय, त्याच्या काठाला मुक्काम. आपलं सामान आपल्याच पाठीवर न्यायचं."

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "वहिनी, तळंच बघायचं तर रिक्षानं जाऊन या की. सिद्धेश्वर काय वाईट आहे?"

"असू दे की," अक्का म्हणाल्या.

आता सोलापुरात चढायचा सराव करायचा तर चढ आणायचा कुठून? आमचा किल्लासुद्धा भुईकोट. मग अक्कांनी रेल्वेच्या पुलाचा जिना धरला. गाडी पकडायची नसताना पाठीवर ओझं घेऊन वर-खाली करणारी बाई बघून हमाल चक्रावले. उन्हाळ्यात सगळी गल्ली गच्चीवर उघड्यावर झोपायची, अक्का तंबूची चेन लावून आत. सकाळी बाहेर आल्या की घामानं निथळत म्हणायच्या, "भायेर लई गार वाटतंय."

मग एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शालन, नातीकडनं तिकिटं काढून घेतलीत. दोन."

"दुसरं कुणाचं?"

"तुजं."

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी स्वतःला फार नाजूक समजायची. पाण्याचा नळ खाली, घर माडीवर. पहिल्याच आठवड्यात मी जाहीर केलं, "माझी कंबर नाजूक आहे." अक्कांनी एक घागर डोक्यावर घेतली, माझी कमरेवर घेतली. (ती नाजूक कंबर पुढं कशी झाली ते आमच्या खुर्च्यांना विचारा.) तर अशी मी, पालीला बघून किंचाळणारी, साखरेच्या डब्यावर एका कॅलेंडरचं चित्र लावून बसले होते. बर्फाचे डोंगर, मधे निळं तळं, काठावर तंबू. रोज कुणाला ना कुणाला सांगायची, "मी इथं जाणार, तंबूत राहणार आणि बाहेर बसून चहा पिणार." वर्ष संपलं, कॅलेंडर बदललं, मीही विसरले.

प्रत्येकीनं आठ किलो न्यायचं होतं. अक्कांची ज्वारी तोवर सोळावर गेली होती. मी म्हटलं, "अहो, आठच तर न्यायचंय. सोळा कशाला?"

"असू दे की."

हिमाचलात पोचल्यावर चढाचा पहिला दिवस मी निभावला. दुसऱ्या दिवशी शेवटचा चढ समोर आला आणि माझा गुडघा खाली बसला, त्याच्यामागून मीही बसले. आमच्या तुकडीचा म्होरक्या, तिकडचाच एक उंच गडी, वाकून म्हणाला, "माताजी, आप दोनों नीचे ढाबे पे रुकिए. कल उतरते वक्त साथ ले लेंगे."

तळं त्या चढाच्या पलीकडं होतं. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही जा. मी थांबते."

अक्कांनी माझ्या पाठीवरची पिशवी काढली आणि आपल्या छातीवर अडकवली. पुढं एक, मागं एक. म्होरक्या घाबरला. "माताजी, ये बहुत ज़्यादा है!"

अक्का आमच्या पेठेतल्या हिंदीत म्हणाल्या, "कायका ज्यादा? ये तो मेरा हमेशा का माप हाय."

मी त्या दोन पिशव्यांकडं बघत राहिले. आठ आणि आठ.

"बगतीस काय? उठ. हात मोकळं हायत, काठी धर."

उठले. रिकाम्या पाठीनं, काठी टेकत, देवाची नावं घेत आणि मधूनमधून गुडघ्याला शिव्या देत वर पोचले. आमच्याआधी पोचलेल्या तरण्या पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ करून त्या घेतल्या. नाटकीपणा तेवढा अजून शाबूत आहे.

अक्कांनी तंबू असा ठोकला, जणू गच्चीच आहे. दोघींच्या अंगावर एकच सोलापुरी चादर. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर निघाली तशी पोरं आपलं सूप टाकून आमच्याकडं आली. "आजी, ही भाकरी मोडायची कशी?" एकानं विचारलं. "गुडघ्यावर," अक्का म्हणाल्या, "पर हिच्या नगं."

मग त्यांनी चहाचा पेला माझ्या हातात दिला आणि तळ्याकडं बघत म्हणाल्या, "क्यालेंडरातल्यापरीस निळं हाय, न्हाय?"

पेला हातातच धरून मी त्यांच्याकडं वळले.

"तुम्हाला ते आठवतंय, अक्का?"

"रोज तर सांगत हुतीस. ह्ये गेल्यावर म्हनलं, आता घरात कुनाला कुटं जायचंय ते तरी बगावं." आणि लगेच, "च्या पी. निवतोय."

परत आल्यावर त्या सोमवारी अक्का गिरणीत गेल्या. नागेशनं सवयीनं काटा पुसला. "आज दळ," अक्का म्हणाल्या. नागेश गिरणीचा पट्टा लावायचाच विसरला.

आता त्यांनी आणखी उंचावरचं एक तळं हेरलंय. म्हणून त्याच्या पुढच्याच सोमवारी मी सॅक पाठीला लावून निघाले.

"धाकट्या आजी, दळू का?"

"नको. नुसतं तोल."

नागेशनं आकडा बघितला. "चारच किलो?"

"हसू नकोस. सोळापर्यंत न्यायचंय."

"एवढं कशाला?"

"असू दे की," मी म्हटलं.