साळूबाईचा नॉब आणि अजगरकाकांचा रुसवा

एका जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती, आणि ती तिथे राहिलेली तिच्या शेजाऱ्यांना नको होती.

का, ते सांगतो. आधी मोबाइल खाली ठेवा. हं, तू मागचा, तूसुद्धा.

साळूबाईला एक लॅपटॉप सापडला होता. जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांच्या जीपमधून तो पडला होता. पाहुणे दुर्बिणीने वाघ शोधण्यात गुंग होते. वाघ जीपखाली सावलीला झोपला होता. आता त्या लॅपटॉपला वीज कुठून मिळायची, असं विचारू नका. गोष्टीतली वीज जात नाही. म्हणून तर मला गोष्टी आवडतात.

त्या लॅपटॉपमध्ये संगीत तयार करायचं सॉफ्टवेअर होतं. साळूबाईने सुतारपक्ष्याला एका पोकळ सागावर चोच आपटायला लावली आणि तो आवाज रेकॉर्ड केला. तेवढ्यात गजाभाऊ हत्ती शेजारून पाय आपटत गेला. त्याचाही आवाज आत आला. वरून किड्यांची किरकिर आली ती फुकट.

असा एक छोटासा तुकडा तयार झाला. धुम्, टक्, धुम्‌धुम्, टक्. मग साळूबाईने तो तुकडा भेंडीसारखा चिरला. मागचं धुम् पुढे आणलं. पुढचं टक् भलत्याच ठिकाणी बसवलं. ताल चालता चालता अडखळायला लागला आणि अडखळता अडखळता सावरायला लागला. अशा तालाला शहरातली मुलं ब्रेकबीट म्हणतात. तो ऐकला की आपले पाय आपल्याला न विचारता हलतात.

म्हणजे, हलायला हवेत. साळूबाईचे हलत नव्हते. तालात काहीतरी कमी होतं, आणि काय कमी होतं ते तिला कळत नव्हतं. म्हणून ती तोच तुकडा पुन्हा वाजवायची. मग पुन्हा. उठल्यावर वाजवायची, जेवताना वाजवायची, आंघोळीला जाताना चालूच ठेवून जायची. संगीत करणाऱ्या माणसांचं असंच असतं. खोटं वाटत असेल तर त्यांच्या शेजारी राहून बघा.

साळूबाईच्या शेजारी टिटवीबाई राहायची. बिचारीची अंडी उघड्यावर असायची, म्हणून तिचा जीव सतत टांगणीला.

"अगं साळू, पुढे काय होतं ते तरी वाजव!" ती एकदा किंचाळली. "माझी पिल्लं अंड्यातूनच धुम् टक् म्हणायला लागलीत."

"पुढे काय होतं तेच सापडत नाहीये हो," साळूबाई म्हणाली, आणि तिने तुकडा पुन्हा वाजवला.

मग व्हायचं तेच झालं. तक्रार वाघमहाराजांपर्यंत गेली आणि दरबार भरला.

"हिला नदीपार हाकला," टिटवीबाई म्हणाली. सगळ्यांनी माना हलवल्या.

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नदीपलीकडे नुसतं माळरान होतं. तिथे ना पोकळ साग, ना सुतारपक्षी. तिथे जगता आलं असतं, पण कशासाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

"महाराज," ती म्हणाली, "मला जत्रेत एकदा वाजवू द्या. जंगल नाचलं नाही तर मी आपणहून नदीपार जाईन."

आता जत्रेत दर वर्षी कोल्हेबुवांची बँजो पार्टी वाजवायची. बँजोवर कोल्हेबुवा, बाकीच्या वाद्यांवर त्यांचे भाचे. गाणं दर वर्षी एकच. ते गाणं सुरू झालं की जंगलातले प्राणी जेवणाच्या पंगतीकडे वळायचे. कोल्हेबुवांना वाटायचं, गाण्याने भूक लागते.

कोल्हेबुवा पुढे आले. "महाराज, पोर गुणी आहे. संधी जरूर द्यावी. पण एवढं मोठं काम एकटीवर टाकणं बरं नव्हे. तिच्या मदतीला एक समिती नेमावी."

आणि ते गालातल्या गालात हसले. कोल्हेबुवांना समित्या ठाऊक होत्या. नाल्यावर पूल बांधायची समिती त्यांच्या आजोबांच्या काळात नेमली होती. नाला आटला. समिती अजून आहे.

तर समिती झाली. अध्यक्ष गजाभाऊ. सभासद टिटवीबाई, टिल्लू ससा, अजगरकाका, अस्वल आणि मोर. सगळे साळूबाईच्या बिळापाशी जमले. साळूबाईने त्यांना स्क्रीनवरचे नॉब, म्हणजे फिरवायची गोल बटणं, दाखवले.

या नॉबना मॅक्रो म्हणतात. मॅक्रो म्हणजे काय? मॅक्रो म्हणजे घरातल्या सासूबाई. त्यांनी नुसती भुवई उचलली की कोणी दूध उतरवतं, कोणी दार लावतं, कोणी टीव्हीचा आवाज कमी करतं. तसा हा एक नॉब फिरवला की त्याच्यामागे बांधलेल्या सगळ्या गोष्टी एकदम हलतात.

"सांगा, काय काय हवंय?" साळूबाईने विचारलं. हा प्रश्न, मुलांनो, आयुष्यात कोणत्याही समितीला विचारू नका.

"ते टक् टक् करणारे ढोल पळवा!" टिल्लू म्हणाला. "एवढ्या हळू तालावर माझे कानसुद्धा नाचत नाहीत."

"ढोल रेंगाळू दे, बाळा," अजगरकाका म्हणाले. "जत्रेला आम्ही जेवून येतो. जेवल्यावर धावपळ सोसत नाही."

काका जेवणात काय काय खातात हे आठवून टिल्लू जरा लांब सरकला.

"खालचा धुम् आवाज वाढव," गजाभाऊ म्हणाला. "पोटात घुमला पाहिजे."

"खालचा आवाज कमी कर," टिटवीबाई म्हणाली. "माझी अंडी तडकतील."

अस्वलाला आवाजात खरखर हवी होती. मोराला खरखर अजिबात नको होती. साळूबाई कोणाला नाही म्हणणार? नाही म्हटलं की नदीपार. तिने प्रत्येकाला एकेक नॉब दिला. प्रत्येक जण आपल्या नॉबकडे पहिल्या नातवाकडे बघावं तसा बघत बसला.

तेवढ्यात वाघमहाराज पाहणीला आले.

"हे एवढे नॉब कशाला?" त्यांनी विचारलं. "या जंगलात राजे किती?"

"एकच, महाराज."

"मग?"

झालं. सगळ्यांचं म्हणणं एकाच नॉबला बांधायचं ठरलं. नॉबचं नावही ठरलं, 'महाराज'. आणि जत्रेत तो नॉब महाराज स्वतः, आपल्या पंजाने, सगळ्यांसमोर फिरवणार असंही ठरलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या टाळ्या कोल्हेबुवांच्या.

सगळे गेल्यावर साळूबाईने नॉब फिरवून बघितला.

काहीही झालं नाही.

तिने उजवीकडे टोकापर्यंत फिरवला. डावीकडे टोकापर्यंत फिरवला. धुम् टक् जसं होतं तसंच. कारण टिल्लू जेवढा पुढे ओढायचा, तेवढेच अजगरकाका मागे खेचायचे. गजाभाऊ जेवढा घुमायचा, तेवढंच टिटवीबाई दाबायची. अस्वलाची सगळी खरखर मोर पुसून काढायचा. सगळ्यांचं ऐकलं होतं, म्हणून काहीच ऐकू येत नव्हतं.

साळूबाई हादरली. महाराज भर जत्रेत नॉब फिरवणार आणि काहीच होणार नाही. नदीपार तर सोडाच, नदीपर्यंत तरी पोचू का, असं तिला वाटलं.

ती एकेका सभासदाकडे गेली. "कोणीतरी एकाने आपलं म्हणणं मागे घ्या हो," ती विनवू लागली.

"मी अध्यक्ष आहे," गजाभाऊ म्हणाला. "मी मागे घेतलं तर चुकीचा पायंडा पडेल."

"मी आई आहे," टिटवीबाई म्हणाली. त्यावर काही बोलताच येत नाही.

टिल्लू प्रश्न संपायच्या आत पळून गेला. अस्वल म्हणालं, आधी मोराला विचार. मोर म्हणाला, अस्वलाला विचारलंस का? अजगरकाका म्हणाले, "बघू, पचू दे."

साळूबाई घरी आली आणि आपल्या वस्तू गोळा करायला लागली. मग खूप रडली. काटे असलेल्याचं एक वाईट असतं. तो रडायला लागला तर कोणी जवळसुद्धा घेत नाही.

इकडे जत्रेची निमंत्रणपत्रिका निघाली. सागाच्या मोठ्या पानावर अस्वलाने ती नखाने कोरली. सगळ्यात वर 'श्रीमान वाघमहाराज यांच्या शुभपंजाने'. खाली 'अध्यक्ष गजाभाऊ', मोठ्या अक्षरात, कारण गजाभाऊ शेजारी उभा राहून बघत होता. त्याने अर्धं पान गेलं. मग टिटवीबाई, मग टिल्लू, मग मोर, मग अस्वलाचं स्वतःचं नाव, जरा नक्षी काढून. तोवर पान संपलं. देठापाशी चिमूटभर जागा उरली होती. तिथे अस्वलाने लिहिलं, 'व इतर'.

अजगरकाका 'व इतर' मध्ये गेले.

मुलांनो, तुम्ही लग्नात कधी कोणाचा मामा रुसलेला बघितलाय? अजगरकाका तसे रुसले. फक्त ते रुसलेत हे कळायला बराच वेळ लागला. कारण रुसण्याच्या आधीही ते तसेच पडलेले असायचे. शेवटी त्यांनी टिल्लूलाच बोलावून सांगितलं, "अरे, मी रुसलोय. जा, जाऊन सांग सगळ्यांना."

ऐन जत्रेच्या दिवशी ही बातमी आली. धावाधाव झाली. समिती शाल आणि नारळ घेऊन काकांची समजूत काढायला गेली, लॅपटॉप काखेत मारून साळूबाईसुद्धा. नारळ काकांनी रागारागात गिळला. शाल मात्र गजाभाऊच्या सोंडेतच राहिली, कारण काकांचे खांदे नेमके कुठे असतात यावर समितीचं एकमत होईना.

"मला तुमचं काही नको," अजगरकाका म्हणाले. "फक्त माझं म्हणणं त्या नॉबमधून सोडवा. जिथे माझं नाव नाही, तिथे माझा शब्दही नाही."

"काका, असं नका हो करू," साळूबाई म्हणाली. ती अगदी मनापासून काकांना मनवत होती! कारण मोठं माणूस रुसलं की मनवायचं असतं, एवढंच तिला आठवत होतं. डोकं चालत नव्हतं. परीक्षेच्या दिवशी तुमचं तरी कुठे चालतं?

"सोडव म्हणतो ना!" काका फुसकारले.

साळूबाईने निमूटपणे अजगरकाकांचं म्हणणं नॉबमधून सोडवलं. नॉब फिरवून बघायला वेळच मिळाला नाही. तिकडे पाणवठ्यावर बँजो पार्टीचं गाणं संपत आलं होतं आणि निम्मं जंगल पंगतीत बसलं होतं.

साळूबाई लॅपटॉप घेऊन खडकावर चढली. धुम् टक् सुरू झालं.

"तेच!" टिटवीबाई म्हणाली. "तेच ते!"

महाराज उठले. आयाळ नसलेली मान त्यांनी आयाळ असल्यासारखी झटकली. पंजा नॉबवर ठेवला. साळूबाईने डोळे मिटून घेतले. कोल्हेबुवांनी मात्र सगळं नीट दिसावं म्हणून दगडावर चढून घेतलं.

महाराजांनी नॉब फिरवला.

आणि ढोल पळाले! त्यांना मागे खेचायला आता कोणी नव्हतं. टिल्लूच्या चालीने ते टणाटण उड्या मारत सुटले, अडखळले, कोलांटी खाऊन सावरले, पुन्हा सुटले. आणि खालचा आवाज? तो होता तसाच राहिला, कारण गजाभाऊ आणि टिटवीबाई अजून एकमेकांना धरून बसले होते. वर ढोल ससा होऊन पळतायत आणि खाली तो आवाज हत्तीच्या चालीने संथ घुमतोय.

साळूबाईने डोळे उघडले. तिचे पाय हलत होते. इतके दिवस हेच तर कमी होतं! वरचं धावायला हवं होतं, खालचं धावायला नको होतं. एवढंच! ती आनंदाने ओरडली, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही.

कारण जंगल उठलं होतं. पंगत मोडली. अस्वल नाचलं, मोर नाचला आणि पिसारा फुलवायचा विसरला. गजाभाऊ धुम् पडलं की एक पाय टाके आणि दुसरा पाय टाकेपर्यंत टिल्लू त्याच्याभोवती फेरी मारून येई. टिटवीबाईची अंडी तडकली, पण आतून. पिल्लं बाहेर आली ती तालातच. महाराजांनी तर एक पंजा नॉबवर ठेवून असा काही ठेका धरला की तीन हरणं त्यांच्या शेजारी नाचत होती आणि कोण कोणाला खातं ते कोणालाच आठवलं नाही.

लांब झाडाखाली अजगरकाका पाठ फिरवून पडले होते. त्यांचं शेपूट हलत होतं.

"काका, नाचताय?" टिल्लूने लांबूनच विचारलं.

"रागाने हलतंय ते," काका म्हणाले.

साळूबाई जंगलातच राहिली. महाराजांनी सांगितलं, कला मुळात पंजातच असावी लागते. गजाभाऊने सांगितलं, उत्तम नेतृत्व असलं की असं होतं. कोल्हेबुवांनी दगडावरून उतरता उतरता सांगितलं, समितीची कल्पना माझी. साळूबाई सगळ्यांना हो म्हणाली. फक्त एकदा हळूच झाडाखाली जाऊन तिने अजगरकाकांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. पाय सापडले नाहीत, पण भावना पोचली.

समिती बरखास्त झाली नाही. समिती कधी बरखास्त होते का? ती दर वर्षी बसते. दर वर्षी सगळे आपापलं म्हणणं सांगतात, आणि साळूबाई ते सगळं प्रेमाने एकाच नॉबला बांधते. बदल एकच झालाय. जत्रेची पत्रिका आता अस्वल कोरत नाही, साळूबाई स्वतः कोरते. ताल तिला हल्ली चटकन जमतो. 'व इतर' मध्ये यंदा कोणाला टाकायचं, याचा मात्र ती महिनाभर विचार करते.

तात्पर्य : सगळ्यांचं ऐकावं, सगळ्यांना सामावून घ्यावं, आणि पत्रिकेत एकाचं नाव विसरावं.