डबा कायम झाला

लाईट गेली आणि दोन मिनिटांत आली. रत्नागिरीत ह्याला कोणी लाईट जाणं म्हणत नाही. पण आंबा-काजू उत्पादक संघाच्या कचेरीत तेवढ्यात नेट मेलं आणि कारकून सगुणाबाईंनी नेहमीच्या सुरात हाक दिली, "धम्मदीऽऽप! गेला रे तुझा नेट!"

नेट धम्मदीपचं नव्हतं, संघाचं होतं. पण संघात बिघडलेली वस्तू नेहमी कंत्राटी माणसाचीच असते. धम्मदीप उठला, कोपऱ्यातल्या सर्व्हरपुढे बसला, एक ओळ टाइप केली आणि नेट आलं. ह्या सर्व्हरला कचेरीत 'डबा' म्हणत. बाहेरून आलेलं नेट आत सगळ्यांकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. पण जन्मजात स्वभाव 'मी कशाला सोडू?' असा. टाइप करून सांगितलं की सोडायचा. मात्र तो हुकूम तोंडी. लाईट गेली की डबा बंद, आणि परत उठला की बदलून आलेल्या साहेबासारखा म्हणायचा, 'माझ्याकडे लेखी काही नाही!' तीच ओळ त्याच्या सेटिंगच्या फाईलमध्ये लिहून ठेवली असती, तर कितीदाही बंद पडला तरी हुकूम कायम राहिला असता.

हे धम्मदीपला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुसऱ्या आठवड्यात हेही कळलं, की त्याचं अकरा महिन्यांचं कंत्राट दर वेळी वाढतं ते मॅनेजर मांडवकरसाहेबांच्या एकाच प्रश्नामुळे: "हा गेला तर नेट कोण चालू करणार?" म्हणून त्याने हुकूम तोंडीच ठेवला. सगळी हुशारी एकदम दाखवणाऱ्याला संघात हुशार म्हणत नाहीत. त्याला कायम करण्याचा ठराव संचालक मंडळापुढे दर वर्षी जायचा, आणि दर वर्षी ठरावाच्या आधी चहा यायचा.

आता मात्र घाई होती. दापोलीची दीक्षा त्याला पसंत होती, तोही तिला पसंत होता. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. सहदेव तांबे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. "पोरगा बुटका असला तरी चालंल," ते म्हणत, "पण कायम पायजे." धम्मदीपच्या आईने, चंपाबाईंनी, त्यांना सांगितलं होतं, "तसा कायमच म्हणा." ह्या 'म्हणा'ची खात्री करायला सहदेवराव एक दिवस न कळवता कचेरीतच आले. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी दीक्षाही सोबत आली.

"बसा, बसा," मांडवकरसाहेब म्हणाले, आणि संघाच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरतज्ज्ञाकडे वळले. "धम्मदीप, पाहुण्यांना कोकम सोडा घेऊन ये."

तो गेला आणि पाठोपाठ लाईट गेली. लाईट आली, नेट नाही.

"धम्मदीऽऽप!" सगुणाबाई ओरडल्या. मग त्यांनाच आठवलं. "अगो बाय, तो सोड्याला गेलाय."

"मी बघू का?" दीक्षा म्हणाली. पासवर्ड डब्यावरच चिकटवलेला होता, हरवू नये म्हणून. तिने फाईल उघडली, ओळ लिहिली, डबा एकदा बंद करून चालू केला, आणि नेट आलं. "झालं. एका ओळीसाठी रोज कसली उठबस? कायम करून टाकलं मी."

सहदेवरावांचा एक कान एसटीच्या भोंग्यांनी कधीच नेला होता. दुसऱ्यात शेवटचं तेवढं शिरलं.

"कायम केला?" ते खुर्चीतून उठलेच. "साहेब, खरंच?"

"खरंच तर!" साहेब नेटच्या आनंदात. "आता कितीही वेळा आडवा होऊ दे, उठला की लगेच कामाला लागणार!"

"म्हणजे आजारपण-बिजारपण आला तरी?"

"काय वाटेल ते येऊ दे ओ!"

सहदेवरावांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. तो न काढता परत न्यायचीही त्यांची तयारी होती. धम्मदीप बाटल्या सांभाळत आत आला, तर होऊ घातलेल्या सासऱ्याने त्याच्या तोंडात पेढाच कोंबला. "जय भीम, जावईबापू! कायम झालात!"

"मी?" धम्मदीप पेढ्यातून म्हणाला.

तेवढ्यात पुन्हा लाईट गेली. आली. डबा उठला आणि नेट आपलं आपण चालू झालं. धम्मदीपच्या साऱ्या नोकरीत पहिल्यांदाच कुणी त्याला हाक मारली नाही.

साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "अरे, हे आता आपोआप येतंय? मग तू... म्हणजे, कंत्राट ह्याच महिन्यात संपतंय ना तुझं?"

धम्मदीपने हातातल्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. नोकरी गेली, आणि तिच्यामागून दीक्षाही जाणार. तेही तिने स्वतःच्या हाताने केलेल्या चांगल्या कामापायी! देवाला मानत नसल्यामुळे त्याला बोल लावायचीही सोय नव्हती.

साहेबांचं कुजबुजणं सगळ्या कचेरीला ऐकू जातं. सहदेवराव तेवढे सुटले. दीक्षाच्या हातातला पेढा मात्र हातातच राहिला.

"बाबा, तुम्ही दापोलीची गाडी कितीला आहे ते विचारा," ती म्हणाली. "मी घाईत लिहिलंय, एकदा नीट बघून घेते." ती डब्यापुढे क्षणभर बसली आणि उठली. नेट चालूच राहिलं, कारण ती फाईल डबा फक्त उठताना वाचतो. गाडीत बसल्याबसल्या सहदेवराव फोनवर साऱ्या दापोलीला सांगत होते, "कायम हाय! साहेबानं माझ्यासमोर सांगितलान!"

सोमवारी लाईट गेली. आली. नेट नाही.

"धम्मदीऽऽप!" सगुणाबाईंच्या आवाजात इतका गोडवा आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

"अरे, त्या पोरीने कायम केलं होतं ना?" मांडवकरसाहेब येऊन डोक्यावर उभे राहिले.

धम्मदीपने फाईल उघडली. ओळ जागच्या जागी होती, फक्त तिच्या आधी एक बारीकशी जाळीची, # अशी, खूण होती. ती खूण दिसली की डबा ती ओळ वाचतच नाही. आणि वर तशाच खुणेआड इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: 'कायमची ऑर्डर हातात आली की ही खूण काढा. तोवर तोंडी चालू द्या. बाबांनी लग्नाला मे महिना धरलाय. दीक्षा.'

त्याने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हसू आवरेना, म्हणून खोकला काढला.

"काय म्हणतोय डबा?" इंग्रजी अक्षरं दिसली की साहेब चष्मा काढून ठेवत.

"माणूस लागेल म्हणतोय, साहेब."

"किती दिवस?"

"कायम."