देशकरांचे साक्षीदार

देशकरांची गाडी पोलिसानं अडवली तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या सीटवर होतो. अमेरिकेत पोलिसानं थांबवलं की दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, सर म्हणायचं आणि चुकूनही खिशाकडे हात न्यायचा नाही, हे आपल्याकडची माणसं नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच शिकवून ठेवतात. देशकरांनी सगळ्यात आधी शर्टाच्या खिशात हात घातला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पोलिसाच्या हातात बेसबॉलच्या एका खेळाडूचं पत्त्याएवढं रंगीत कार्ड होतं आणि देशकर त्याला अदबीनं विचारत होते, "ऑफिसर, या माणसाला खेळताना तुम्ही कधी पाहिलंय का?"

पोलिसानं पाहिलं नव्हतं. कार्ड परत दिलं आणि त्यासोबत तिकीटही दिलं. घरी येईपर्यंत देशकर हळहळत होते, पण ते दंडासाठी नव्हे.

"वय बरोबर होतं नं भाऊ त्याचं. पाहिलेलं असू शकत होतं."

हे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधलं, मी तिथं राहत होतो तेव्हाचं, म्हणजे दोन हजार तीन-चारच्या सुमाराचं. आम्ही एकाच अपार्टमेंटमध्ये, मी आणि माझी बायको वर्षा खाली, देशकर आमच्या डोक्यावर. मी पुण्याचा, ते नागपूरचे. दोघंही कॉम्प्युटरवाले, पण मी पर्मनंट आणि ते कॉन्ट्रॅक्टवर. या फरकाला तिथं जातीएवढंच महत्त्व होतं.

बेसबॉलची कार्डं जमवणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. ते नामांकित खेळाडूंची कार्डं जमवतात, त्यांच्या किमती वाढायची वाट पाहतात. देशकरांना असल्या खेळाडूंचं काही देणंघेणं नव्हतं. शिकागोच्या दोन टीमपैकी उत्तरेकडची, हरण्याबद्दल जास्त प्रसिद्ध असलेली, ती त्यांची. तिच्यातही जे जेमतेम येऊन गेले तेवढेच त्यांचे. म्हणजे असं, की मुख्य टीममधल्या कोणाचा खांदा दुखावला की कुठल्या तरी लहान गावच्या टीममधून एका पोराला फोन जातो. पोरगा बॅग घेऊन धावत येतो, बाकावर बसतो, एखाद-दुसऱ्या मॅचमध्ये उतरतो. तेवढ्यात त्या पहिल्याचा खांदा बरा होतो आणि पोरगा परत जातो. पुन्हा कधीच येत नाही.

"आपलंच आहे नं हे," देशकर म्हणायचे. "क्लायंटनं बोलावलं, आलो. बजेट संपलं, चाललो. पण आला होता, एवढं नक्की."

"आला होता, एवढं नक्की" हे त्यांचं पालुपद. प्रत्येक कार्डावर बोट ठेवून ते म्हणत, आणि म्हणताना आवाज असा काही खाली आणत की जणू त्या माणसाच्या घरी भेटायला गेले आहेत.

आता नुसतं कार्ड मिळालं म्हणजे झालं, असं नव्हतं. त्यांचा एक नियम होता. कार्ड आधी एका पत्र्याच्या डब्यात जायचं. नागपूरहून येताना संत्र्याची बर्फी आणली होती, तो डबा. त्या खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक तरी जिवंत माणूस सापडला, की मगच ते कार्ड डब्यातून अल्बममध्ये. या नियमापायी त्यांनी उपनगरातल्या कोणालाही सोडलं नव्हतं. दाताच्या डॉक्टरला तोंडात त्याचे दोन्ही हात असताना विचारलं होतं. लॉंड्रीतल्या म्हातारीला विचारलं होतं, देवळाबाहेर पार्किंग सांभाळणाऱ्याला विचारलं होतं.

आणि कोणी "हो, पाहिलंय" म्हटलं तरी भागत नसे. उलटतपासणी व्हायची. जुनी गाडी बंद पडल्यावर एकदा ते दुसरी घ्यायला गेले, मला घेऊन. सेल्समनपुढे त्यांनी व्हॉर्निक नावाच्या एका बिचाऱ्याचं कार्ड धरलं. सेल्समन खुलला. "अरे, व्हॉर्निक! ग्रेट गाय! मी स्टेडियममध्ये होतो!"

"कोणत्या हातानं फेकत होता?"

"उजव्या. काय जोर होता!"

देशकरांनी कार्ड खिशात ठेवलं. "व्हॉर्निक डावखुरा होता," ते म्हणाले आणि ठरत आलेली गाडी तिथंच सोडून बाहेर पडले. खोट्या साक्षीदाराकडून गाडी घ्यायची नाही म्हणे. पुढं दोन महिने त्यांना ऑफिसला मीच सोडत होतो.

मी त्यांची नक्कल फार छान करायचो. कबूल करतो, तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला माझ्याकडं त्याचीच फर्माईश असायची. खिशातून क्रेडिट कार्ड काढायचं, यजमानाच्या नाकापुढं धरायचं आणि "पाहिलंय का हो याले?" म्हणायचं. बायका पोट धरून हसत. एकदा देशकर मागं उभे आहेत हे मला उशिरा कळलं. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "फक्त एक सांगून राहिलो भाऊ. मी कार्ड उजव्या हातात धरतो."

त्यांच्या दुसऱ्या हातात तेव्हा कागदी प्लेटांचं बंडल होतं. आमच्या मंडळात पॉटलकची पद्धत ठरलेली होती. संसारी लोकांनी पदार्थ आणायचे. बॅचलरांनी प्लेटा, ग्लास आणि कोक. देशकर दरवर्षी प्लेटा आणत. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला प्लेटा आणायला सांगताना कोणाला काही वाटलं नाही, कारण देशकर बॅचलर आहेत हे सगळ्या शॉमबर्गला माहीत होतं.

एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. लॉंड्रीतल्या म्हातारीनं व्हॉर्निकला ओळखलं होतं. तिच्या नवऱ्यानं तिला लग्नाच्या वाढदिवसाला मॅचला नेलं होतं आणि व्हॉर्निकनं फेकलेला पहिलाच बॉल कुंपणापलीकडे मारला गेला, तेव्हा नवरा रडला होता. "आणि न विचारता लेफ्टी म्हणाली, भाऊ!" देशकर आनंदानं नुसते इकडून तिकडं फिरत होते. व्हॉर्निकची अल्बममध्ये स्थापना करायला त्यांना माणूस हवा होता.

ते चिवडा काढायला आत गेले. प्लेटा अर्थातच कागदी. मी सहज बर्फीचा डबा पुढं ओढून आतली, अजून साक्षीदार न मिळालेली कार्डं चाळू लागलो. टोपी घातलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली पोरं. त्यांच्यामध्ये एक छोटा चौकोनी फोटो होता. पांढरी पार्श्वभूमी, मान किंचित वळवलेली, उजवा कान मुद्दाम उघडा ठेवलेला. तेव्हा तिथल्या सरकारी कागदांना असाच फोटो लागायचा, आम्ही सगळ्यांनी तो काढला आहे. फोटोतल्या बाईनं टिकली लावली होती. चेहरा असा, की फोटोग्राफरनं हसू नका म्हटलं आहे आणि तिला नेमकं तेव्हाच हसू येतं आहे.

देशकर प्लेट घेऊन माझ्यामागं कधी आले ते कळलं नाही.

"ही शुभदा," ते म्हणाले. "माझी मिसेस. ही पण आली होती."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. लग्न उशिरा झालं. ती अमरावतीला कॉलेजात बॉटनी शिकवायची. नोकरी सोडून आली ती काही वर्षांपूर्वी, ऐन जानेवारीत. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, तिला गाडी चालवता येत नव्हती आणि देशकरांचा क्लायंट तेव्हा दीड तासावर. अंधारात जायचे, अंधारात यायचे. मंडळाच्या हळदीकुंकवासाठी तिनं दिवसभर खपून कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या केल्या आणि बर्फाच्या वादळामुळे हळदीकुंकू कॅन्सल झालं. त्या वड्या दोघांनी आठवडाभर खाल्ल्या. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाआधी ती परत गेली होती. घटस्फोटाचे कागद नंतर पोस्टानं आले.

"भांडण नाही झालं हो," देशकर म्हणाले. "जाताना एअरपोर्टवर एवढंच म्हणाली, 'मी इथं आले होते हे तुमच्याशिवाय कोणाला माहीतच नाही. एक माणूस दाखवा, ज्यानं मला पाहिलंय.' मी काय दाखवणार?" त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली. "म्हणून ती डब्यात आहे. नियम म्हणजे नियम. बसा न, चिवडा खा."

मी चिवडा खाल्ला नाही. त्या फोटोवरून माझी नजर हलत नव्हती.

इथं मला ते लिहायचं आहे, जे मी वर्षालाही कधी सांगितलं नाही. मी त्या बाईला पाहिलं होतं. त्या फेब्रुवारीत, देशकरांशी ओळख होण्याआधी, ऑफिसमधून येताना. आमच्याकडं जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला फुटपाथ नाही, तिथं कोणी चालतच नाही. त्या दिवशी बर्फाच्या कडेकडेनं एक बाई किराण्याच्या पिशव्या घेऊन चालत होती. मी गाडी हळू केली. आपली बाई आहे हे टिकलीवरून कळलं. तिनंही काचेतून मला पाहिलं आणि हात वर केला. लिफ्ट मागत नव्हती. आपल्यातला माणूस दिसला म्हणून केला होता. माझ्या गाडीत हीटर चालू होता, मागची सीट रिकामी होती. मागून कोणी तरी हॉर्न वाजवला आणि मी पुढं निघालो. आरशात पाहिलं तेव्हाही तिचा हात वरच होता.

पुढं वर्षा एकदा म्हणाली, वर कोणी बाई राहून गेली वाटतं, आपण बोलवायला हवं होतं. मी पेपर वाचत राहिलो. पाहिलं म्हटलं असतं, तर थांबला का नाहीस हेही आलं असतं. देशकरांना विनोदी करून ठेवणं मला त्यापेक्षा सोपं गेलं.

"देशकर," मी म्हणालो, "मी पाहिलंय त्यांना."

ते हसले. "राहू द्या हो भाऊ. वाईट वाटलं म्हणून बोलू नका."

"वांगी रंगाचा कोट होता. लांब. त्यांना मोठा होत होता."

देशकर खाली बसले. कोट त्यांनी सेलमध्ये घेतला होता, तिला न नेता, अंदाजानं. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी ते फक्त माझ्याकडं पाहत होते, त्या सेल्समनकडं पाहिलं होतं तसे.

मी सगळं सांगितलं. हीटर, हॉर्न, आरसा. थांबलो नाही, हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही असं वाटलं.

मला वाटलं, आता उठवतील. उठवलं असतं तर बरं झालं असतं.

"पिशव्या कोणत्या हातात होत्या?" त्यांनी विचारलं.

मला आठवावं लागलं. डोळे मिटून मी तो रस्ता पुन्हा पाहिला. "हात वर केला तो उजवा. म्हणजे सगळ्या पिशव्या डाव्या हातात."

"सगळ्या?"

"सगळ्या. जड होत्या. पण डाव्याच हातात."

देशकरांनी डब्यातून फोटो काढला. शर्टाच्या टोकानं पुसला. अल्बम उघडला आणि तिसऱ्या पानावर, व्हॉर्निकसाठी मोकळ्या ठेवलेल्या कप्प्यात तो हळूच सरकवला.

"डावखुरी होती ती," ते म्हणाले.

मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न पाहता, "थांबले असते तर चहा पाजला असता तिनं तुम्हाले," असं म्हणून ते चहा ठेवायला उठले.