पंच्याऐंशीच्या आत

रविवारी दुपारी आमटी वाढता वाढता ऋचाने मान तिरकी करून उजवा कान दोनदा चोळला आणि तिथेच घात झाला. समोर नवरा बसला होता आणि नवरा सेफ्टी ऑफिसर होता.

"कानाला काय झालं?" सत्यजीतने विचारलं.

"काही नाही रे. प्रॅक्टिसहून आलं की जरा वेळ शिट्टी वाजते. संध्याकाळपर्यंत जाते."

सत्यजीत कारखानीस जासईच्या एका कंटेनर यार्डात कितीतरी वर्षं सुरक्षेचं काम बघत होता. माणूस सज्जन, पण घरातला दिवा बदलायचा असला तरी स्टूल धरायला आधी कुणीतरी उभं करायचा आणि मग शेजाऱ्यालाही बोलावायचा. 'शिट्टी' ऐकल्याबरोबर त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"तुझ्या मागे कोण बसतं?"

"निकेश. ट्रम्पेटवाला."

"किती अंतरावर?"

ऋचाने पोळीच्या डब्यापासून पाण्याच्या तांब्यापर्यंत बोट फिरवलं.

"अगं, एवढ्या जवळ मी ट्रेलरच्या भोंग्यापुढे मांजर बसू देत नाही! आज शिट्टी जाते, एक दिवस जाणार नाही. मग काय करशील? कान गेला की परत येत नाही, ऋचा."

हे मात्र खरं होतं आणि ऋचालाही ते आतून ठाऊक होतं. म्हणूनच तर तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. लग्नाआधी शिकलेलं व्हायोलिन तिने लेक रिया कॉलेजला बाहेरगावी गेल्यावर पुन्हा हातात घेतलं होतं आणि आता पहिल्यांदाच तिला एकटीने वाजवायला मिळणार होतं. कमलाकर घरत मास्तरांच्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात.

घरतांचा मूळ धंदा हळदीच्या ब्रास बँडचा. पनवेलच्या आसपासच्या हळदीत बँडचा आवाज शेजारच्या गावात पोचला नाही, तर नवरदेवाच्या बापाला चार दिवस तोंड दाखवायची चोरी. मास्तरांना मात्र म्हातारपणी मोठा ऑर्केस्ट्रा करायची हौस आली. पुढे नवीन पनवेलच्या नोकरदार मंडळींची व्हायोलिनं आणि चेलो, मागे गावातली ट्रम्पेटं, ट्रॉम्बोनं आणि ड्रम, असा संसार त्यांनी समाजमंदिराच्या पत्र्याच्या हॉलमध्ये थाटला होता. पत्र्याखाली तो आवाज कसा घुमत असेल ते तुम्हीच समजा.

पुढच्या रविवारी सत्यजीत आवाज मोजायचं मीटर घेऊन तिथे हजर झाला.

"मास्तर, दिवसभर कानावर पंच्याऐंशी डेसिबलच्या वर आवाज पडू नये, असा आमच्याकडे नियम आहे," त्याने समजावलं. "तुमचा किती होतो ते फक्त बघू."

"बगा की," मास्तर म्हणाले. "आमी काय चोरी करताव काय?"

शेवटचा जोरकस तुकडा वाजला. मीटर एकशे तीनवर गेलं. सत्यजीतने गंभीर चेहऱ्याने आकडा जाहीर केला आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

"एकशे तीन!" निकेश खुर्चीवरून उठलाच. "मास्तर, ऐकलाव काय? एकशे तीन!"

"यात एकटा ट्रम्पेट किती?" ट्रॉम्बोनवाल्या बाळूने विचारलं.

"अहो, हे मार्क नाहीत!" सत्यजीत म्हणाला. "हे वाईट आहे!"

पण ऐकतो कोण? निकेशने मीटरसमोर उभं राहून गाल फुगवले आणि एकशे सहा काढले. बाळू लाल होईस्तोवर फुंकत बसला. मग ड्रमवाला काशिराम बाह्या सरसावून पुढे आला, आणि त्याने काय काढलं ते सांगण्यात अर्थ नाही. पुढच्या रांगेतली सगळी व्हायोलिनं कानात बोटं घालून बसली होती. दुपारपर्यंत निकेशच्या मोबाइलवर स्टेटस झळकलं: 'घरत ब्रास बँड. आवाज साहेबांकडून तपासलेला.' खाली मीटरसह साहेबांचा फोटो आणि फोन नंबर. संध्याकाळी सत्यजीतला करंजाड्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला की, आमच्या पोराच्या हळदीला तुमचा तोच मोठ्ठा आवाज पाहिजे.

त्या दिवशी तो खरोखर चिडला. "मास्तरांना सांग, कार्यक्रमाच्या दिवशी आकडा पंच्याऐंशीच्या आत राहिला तर ठीक. एकदा जरी वर गेला, तरी तू त्या ऑर्केस्ट्रातून बाहेर. मला बहिरी बायको नकोय."

"आणि मला व्हायोलिनशिवायचे रविवार नकोयत," ऋचा म्हणाली. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती शिट्टी अजून कानात वाजतेय का, हेच ती ऐकत राहिली. तिला भीती वाटत होती.

मग सत्यजीतचे उपाय सुरू झाले. यार्डातले आवाज अडवणारे पिवळे कानटोप आणले. ते घातले तर हनुवटीखाली व्हायोलिन बसेना. मग कानात घालायचे बोळे वाटले. ट्रम्पेटवाल्यांना स्वतःचाच आवाज डोक्यात घुमायला लागला, तेव्हा ते दचकून हळू फुंकू लागले. काशिरामला मात्र आपला ड्रम ऐकूच येईना, म्हणून तो दुप्पट जोराने बडवायला लागला. शेवटी सत्यजीतने सगळ्या ब्रासला खिडकीकडे तोंड करून बसवलं. समोरच्या आळीत खरोखरच एक हळद होती. त्यांचा बँड यायला उशीर झाला होता. ती मंडळी या खिडकीतल्या बँडवरच नाचू लागली आणि थांबू देईनात.

"बास!" मास्तर ओरडले. "साहेब, ह्या वयात मना परत हळदीत नका ढकलू!"

तेव्हा ऋचा उठली. एवढे दिवस ती गप्प होती, पण आता कार्यक्रम महिन्यावर आला होता.

"मास्तर, एकशे तीन काय, ट्रेलरसुद्धा काढतो. तुमची पोरं साठात वाजवतील का? आणि तेही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं?"

मास्तरांनी हातातली छडी खाली ठेवली.

"माजी आय धवले गायची, लग्नातली गानी," ते म्हणाले. "गंगाबाई धवलारीण. लग्नाचा भरलेला मांडव, माईक नाय, काय नाय. आन् कदी वरडली नाय. तिना तोंड उगडला का पोरा पन गप बसायची." त्यांनी निकेशकडे वळून बघितलं. "वरडाला काय लागतंय रं? हालू वाजवून दाव. दम हाय काय?"

दमाचं नाव काढल्यावर निकेश मागे हटणार होता थोडाच! त्याने घरून नारळाची करवंटी आणली आणि ट्रम्पेटच्या तोंडावर धरून त्र्याहत्तर काढले. बाळूने एकाहत्तर. काशिरामने ड्रमवर आईची जुनी गोधडी घातली आणि जो कोणी मोठ्याने शिंकेल त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागला. आता आकडा खाली आला की टाळ्या पडायच्या, त्यासुद्धा हलक्या हाताने. ऋचा घरी आली की कान चोळायची नाही. शिट्टी थांबली होती. सत्यजीतला धन्यता वाटत होती. प्रत्येक प्रॅक्टिसला तो कोपऱ्यात मीटरवर डोळे लावून बसायचा. इतर लोक गाणं ऐकायचे, हा वाचायचा.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. गावची मंडळी डावीकडे, सोसायट्यांची उजवीकडे. सत्यजीतने मुद्दाम शेवटची रांग घेतली. सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवायचं बटण त्याने दाबलं, टाळ्यांपुरतं तेवढं मीटर थांबवलं, आणि पहिल्या काही तुकड्यांत ते चौऱ्याऐंशीच्या वर गेलं नाही. पुढे येऊन मास्तरांना मिठी मारावी असं त्याला वाटलं.

मग ऋचाचा तुकडा आला. मास्तरांनी आईच्या धवल्याची चाल एकट्या व्हायोलिनवर बसवली होती. दिवे मंद झाले. ऋचा उभी राहिली. तिने डोळे मिटले.

सत्यजीत वाट बघत होता. ऋचा उभीच होती. तिचा हात हलत होता, बहुधा गज तपासत असावी. अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसलेलं त्याला दिसलं. ही घाबरली! हात कापतोय हिचा! एवढ्या लोकांपुढे बिचारी अडकली! त्याला राहवेना. तो ताडकन उठला आणि यार्डात क्रेनवाल्याला घालतात तशी हाक घातली:

"ऋचा! घाबरू नकोस! कर सुरू!"

सगळ्या माना मागे वळल्या. ऋचाने डोळे उघडले, नवऱ्याकडे बघितलं आणि एकही सूर न चुकवता वाजवत राहिली. कारण तिने केव्हाच सुरू केलं होतं. शेजारच्या म्हातारीने पदराने डोळे पुसत सत्यजीतचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

मध्यंतरात मास्तर, निकेश आणि ऋचा शेवटच्या रांगेपाशी आले. निकेशने मीटर उचललं.

"ब्याण्णव," त्याने वाचलं. "मास्तर, आमी नाय. आईशपथ आमी नाय."

"साहेबांचा हाय त्यो," मास्तर म्हणाले. "साहेब, नियम म्हंजे नियम. आता कोनाला भायेर काढू, तुमीच बोला."

निकेश खो खो हसला. सत्यजीत हसला नाही. तो ऋचाकडे बघत होता.

"तू किती वेळ वाजवत होतीस?"

"बराच," ऋचा म्हणाली. तिने त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी दोघं कानाच्या डॉक्टरांकडे गेले. ऋचाचे कान ठणठणीत निघाले. काळजी घ्या, एवढंच सांगितलं. सत्यजीतच्या दोन्ही कानांमधून बारीक आवाज कधीचेच गेले होते. यार्डात इतकी वर्षं दुसऱ्यांना 'कानटोप घाला' असं ओरडून सांगण्यासाठी तो स्वतःचे काढत आला होता. डॉक्टरांनी त्याच्या कानांत यंत्रं बसवून दिली.

"काय वाजवू?" संध्याकाळी ऋचाने विचारलं.

"तेच. काल हुकलेलं."

गुडघ्याला गुडघा लावून तो समोर बसला. ऋचाने धवला वाजवायला घेतला. आधी मंचावर वाजवला होता तसा आणि मग त्याचा चेहरा बघून जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शशिकलाबाई होत्या.

"अहो कारखानीस, काय हा आवाज! सोसायटीत नियमांची पाटी तुम्हीच लावलीत ना?"

"हो, मीच," सत्यजीत म्हणाला. त्याने त्यांना आत बोलावलं आणि आपली खुर्ची दिली. "बसा ना वहिनी. मलाही आत्ताच ऐकू यायला लागलंय."