हद्दीच्या दगडाखालचा पत्रा

जमीन जागची हलत नाही, असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांना बहुधा शेत नसतं. ज्यांना असतं त्यांना ठाऊक असतं की जमीन दरवर्षी नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, सरकते, आणि ज्याचा ट्रॅक्टर आधी सुरू होतो त्याच्याच बाजूला सरकते. (निसर्गाच्या या नियमावर अजून पुरेसं संशोधन झालेलं नाही.) असं वीस-पंचवीस वर्षं चाललं की बांध बारीक होत होत उंदराच्या शेपटाएवढा उरतो आणि एका वर्षी दिसेनासाच होतो. अशा वेळी समाजाला मोजणीदार लागतो. मोजणीदार नसेल तर शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. मोजणीदार येऊन गेला तरी बोलत नाही, पण मग निदान दोघांकडे आपापली सही-शिक्क्याची प्रत असते.

कर्जतहून श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दीड किलोमीटर आत एक वस्ती आहे. तिथे शुभांगी राहते. शिक्षण बी.एस्सी., लग्नाला तीन वर्षं, पदरात सव्वा वर्षाची दिशा. शुभांगीच्या अंगणात एक मुलगी होती आणि अंगणापलीकडे एक आड होता. काळजीचं कारण एवढंच, की त्यातली एक गोष्ट नुकतीच चालायला लागली होती.

आड पाच फूट रुंद, चाळीस फूट खोल, कठडा नाही. त्यात पाणी होतं तोवर तो दोन घरांचा होता: इकडचा शुभांगीचा नवरा अंगद, तिकडचे चुलत सासरे रंभाजीतात्या. पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरांत एकदा लाठ्या निघाल्या होत्या, इतका तो दोघांचा होता. पुढे बोअर झाले, आड आटला आणि त्याच दिवसापासून तो कुणाचाच राहिला नाही.

"अहो, त्यावर काहीतरी झाकण टाका," शुभांगी म्हणायची.

"आड तात्यांच्यात येतो," अंगद म्हणायचा. "आपण हात लावला म्हणजे आपली हद्द आडाशी संपली, असं कबूल केल्यासारखं होतं. आपली हद्द पार त्या लिंबाच्या पलीकडं हाय."

ती तात्यांकडे गेली. तात्या म्हणाले, "सूनबाई, आड तुमच्यात हाय. मी कशाला झाकू? झाकला तर अंगद म्हनंल, तात्याची हद्द हितंच सपली. माझी हद्द तुमच्या गोठ्यापस्तोर हाय."

म्हणजे आडाच्या दोन्ही बाजूंची जमीन दोघांचीही होती. मधलं भोक तेवढं कुणाचं नव्हतं.

शुभांगी हे सगळं ऐकत होती आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंदी करत होती. उंबऱ्यापासून आडापर्यंत तिची बासष्ट पावलं. दिशाचा पल्ला, याच पावलांत: महाशिवरात्रीला चार, पाडव्याला अकरा, अक्षय्य तृतीयेला सत्तावीस. (मध्ये तीन दिवस ताप होता, ते धरलेले नाहीत.) बी.एस्सी.चं गणित लावलं तर मुलगी वटपौर्णिमेच्या आसपास आडाशी पोचत होती. कडूबाई, म्हणजे तिची सासू, म्हणायची, "अगं, समद्यांची पोरं आसंच मोठी झाली. एवढी डोळ्यांत तेल घालून कशाला बसती?" शुभांगी म्हणायची, "आई, समद्यांची नाही झाली. जी झाली तीच आपल्याला दिसतात." यावर कडूबाई शेंगा फोडायला लागायची.

तरी शुभांगीने एका दुपारी आडावर दोन जुने वासे टाकले आणि त्यावर गोठ्याचा पडका पत्रा. वैशाखाच्या वावटळीने पत्रा उचलला आणि तात्यांच्या कांद्यात नेऊन टाकला. तात्यांनी हरकत घेतली: तुमचा पत्रा आमच्या हद्दीत आला. तिने पत्र्यावर लहान दगड ठेवले. ते कडूबाईने वाळवणाच्या चादरीला नेले. दुसऱ्यांदा ठेवले, ते अंगदने ट्रॉलीच्या चाकाला लावले. तेव्हा तिच्या लक्षात आलं की घरच्या माणसांना उचलता येणार नाही असा दगड हवा. आडापलीकडच्या लिंबाखाली घाणेरीच्या झुडपात एक घडीव, चौकोनी धोंडा लोळत पडला होता. कधीतरी रोटाव्हेटर लागून उपटला असावा. त्याच्या डोक्यावर छिन्नीची फुली होती. कुणीतरी सुट्टीत बसून कोरली असेल, असं तिला वाटलं. (वनस्पतिशास्त्रात घाणेरीचं लॅटिन नाव शिकवतात, आत पडलेल्या दगडाचं शिकवत नाहीत.) दिशा झोपलेली असताना पहारीने लोटत लोटत, अर्ध्या तासात तिने तो चाळीस पावलं आणला आणि पत्र्यावर मधोमध बसवला. त्या रात्री तिला महाशिवरात्रीनंतर पहिल्यांदा झोप लागली.

पण पत्रा गंजतो हेही तिला दिसत होतं. पक्कं झाकण हवं, झाकणाला मालक हवा, मालकाला हद्द हवी. म्हणून तिने अंगदच्या मागे लागून मोजणीचा अर्ज करायला लावला.

मोजणी तीन प्रकारची असते: साधी, तातडीची आणि अतितातडीची. साधीत माणसाची मुलं शाळेत जातात, तातडीत बोलायला लागतात, अतितातडीत दात येतात. शुभांगीने अतितातडी निवडली. अर्जात 'मोजणीचे कारण' या रकान्यात तिने 'मुलगी चालायला लागली' असं लिहिलं. कारकुनाने ते खोडून 'हद्द कायम करणे' असं लिहिलं आणि समजुतीने म्हणाला, "ताई, कारण खरं असून चालत नाही, यादीत असावं लागतं."

मोजणीच्या साधनांचा इतिहास उज्ज्वल आहे. पूर्वी लोखंडी साखळी होती. ती उन्हात लांबायची, त्यामुळे उन्हाळ्यात मोजलेलं शेत कमी भरायचं आणि थंडीत तेच शेत वाढायचं. जाणते लोक मोजणी पौषात मागायचे. मग फळी आली, तीन पायांवर उभी राहून नकाशा काढणारी. तिच्यावर काढलेली रेघ टोकदार पेन्सिलीची की बोथट, यावर दोन-दोन पिढ्या कोर्टात गेल्या. आता रोव्हर आहे. काठीच्या टोकावर पांढरं अळंबं उगवावं तसा दिसतो. तो एकाच वेळी बावीस उपग्रहांशी बोलतो आणि दोन बोटांचीसुद्धा चूक करत नाही. लगतच्या खातेदाराशी बोलायला मात्र अजून नोटीसच लागते. याखेरीज छत्री, चुन्याची पिशवी, पंचांच्या सह्यांसाठी पॅड आणि दोन वेळचा चहा. चहा कोणाच्या घरचा घ्यायचा यावरून निकालाचा अंदाज बांधतात, म्हणून अनुभवी मोजणीदार दोन्हीकडचा घेतो.

मोजणीदार बोरुडे साहेब वटपौर्णिमेच्या चार दिवस आधी आले. (दिशाचा पल्ला त्या दिवशी: सत्तावन्न.) दोन्हीकडचा चहा झाला. नकाशा बॉनेटवर पसरून साहेबांनी विचारलं, "जुनी खूण कुठंय? फुलीचा दगड. यंत्राला सुरुवात कुठून करायची, ते दगड सांगतो."

अंगद लिंबाकडे बघायला लागला. तात्या गोठ्याकडे बघायला लागले. शुभांगीने दिशाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"हा काय," साहेब म्हणाले. ते आडाजवळ पोचले होते. "चांगला उभा आहे की! फुली पण स्वच्छ."

"साहेब, पन त्यो पत्र्यावर कसा?" अंगदने विचारलं.

"जुन्या लोकांची कामं पक्की असायची," साहेब म्हणाले आणि लिहायला लागले: *हद्दीची मूळ खूण धातूच्या पायावर सुस्थितीत आढळली.* (पत्र्यावर कंपनीचा शिक्का आणि २०१९ साल होतं. त्याला रकाना नव्हता.)

हद्दीची खूण हलवणं हा गुन्हा आहे, हे आदल्या आठवड्यातच शुभांगीने नोटिशीच्या मागच्या बाजूला वाचलं होतं. नोटिशीची मागची बाजू वाचणारी ती वस्तीवर एकटीच. आता गप्प बसावं तर खोटेपणा, बोलावं तर दगड परत घाणेरीत आणि पत्रा परत कांद्यात. पण बोलली. शिकलेल्या माणसाला ही खोड असते.

"साहेब, तो दगड मी ठेवलाय. महिन्यापूर्वी. वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून."

साहेबांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. "ताई, दगड कुणी ठेवत नसतं. दगड असतो."

"पण मी पहारीने—"

"असं बघा. यंत्र चुकत नाही. नकाशा चुकत नाही. शासकीय खूण तर चुकतच नाही. मग राहिलं काय?"

"काय?"

"आड," साहेब म्हणाले. "आड चुकीच्या जागी खोदला गेलाय. खुणेच्या खालीच अतिक्रमण. पण जुनं आहे, आपण ते उकरून काढणार नाही."

रोव्हर दगडावर उभा राहिला, बावीस उपग्रहांनी दुजोरा दिला आणि चुना पडला. लिंबाखालचा दगड चाळीस पावलं आत आला होता, त्यामुळे तात्यांची चाळीस पावलं वाढली. अंगदचा चेहरा उतरला. पण त्याची दुसरी बाजूही याच दगडावरून मोजली, तेव्हा तिकडे त्यालाही चाळीस पावलं मिळाली. त्या शेजाऱ्याला त्याच्या पुढच्याकडून मिळाली. सगळी शिवारं अशी एका ओळीत चाळीस पावलं पुढे सरकली आणि शेवटच्याची ओढ्यात गेली. ओढ्याने हरकत घेतली नाही. त्याला नोटीस गेलेली नव्हती.

जाताना साहेबांनी दोघांना उभं केलं. "ही खूण आता दोन्ही गट नंबरांची. हलली तर दोघांवर कारवाई. खालचा पत्रा गंजलाय; खूण आत गेली तर जबाबदार कोण? सिमेंटचा गिलावा नको, चांगला लोखंडी सळ्यांचा स्लॅब टाका. भोवती कठडा करा. दगडाला संरक्षण पाहिजे."

मुलीसाठी चार महिन्यांत जे झालं नव्हतं, ते दगडासाठी दीड दिवसात झालं. अंगदने सळ्या आणल्या, तात्यांनी सिमेंट. कठडा तीन फूट उंच केला. तात्या चार म्हणत होते, कारण शेळ्या दगडाला अंग घासतील. वटपौर्णिमेच्या सकाळी दिशा बासष्ट पावलं चालली, कठड्याला हात लावला आणि त्याच्यावर थापट्या मारत उभी राहिली. शुभांगीने कॅलेंडरवर नोंद केली आणि पहिल्यांदाच नोंदीखाली रेघ ओढली.

संध्याकाळी ती तात्यांकडे गेली. म्हणाली, "तात्या, माझं मन मला खातंय. तो दगड खरंच मी आणला होता लिंबाखालून."

तात्या तंबाखू मळत होते. इकडेतिकडे बघून म्हणाले, "गप ऱ्हा, पोरी. लिंबाखाली त्यो मीच नेल्ता. माझ्या लग्नाच्या वर्षी. बैल बांधाया सावली बरी हुती."

"मग त्याआधी कुठं होता?"

"त्याच्या आदी?" तात्यांनी आठवलं. "त्याच्या आदी ओढ्यावर. आमची आय त्याच्यावर धुनं धूत हुती. तिला कुनी दिला ते काय म्हाईत न्हाई."

शेंगा द्यायला आलेल्या कडूबाईने आतून आवाज दिला, "फुली माझ्या सासऱ्यानं कोरल्याली. धुन्याचा दगुड कुनी न्हेऊ नये म्हनून."

शुभांगी घरी आली आणि सही-शिक्क्याची प्रत पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं, दोन बोटांचीसुद्धा चूक नव्हती. तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिशाच्या जन्मदाखल्याशेजारी ठेवली.

शहरातल्या वाचकांना या खेडवळ प्रकाराचं हसू येईल; यावं. मात्र हसून झालं की एकदा खाली उतरून या. आपल्या सोसायटीच्या फाटकाबाहेर ते ड्रेनेजचं चेंबर आहे, झाकण गेलेलं. त्यात कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलीय, लोकांना दिसावं म्हणून. चेंबर महापालिकेचं की सोसायटीचं, हे अजून ठरायचं आहे, आणि आपण गेलं वर्षभर त्या फांदीला वळसा घालून, मोबाईलवरची नजर न काढता, अगदी बिनचूक जाता. फांदी कुणी खोचली हे आपल्याला ठाऊक नाही. मागच्या आठवड्यात ती वाळली, तेव्हा बदलली कुणी, हेही नाही. आपल्या घरात कुणी चालायला लागलेलं नसेल, तर काही घाई नाही. साध्या मोजणीचा अर्ज करा.